गुणपत्रकावरची टक्केवारी कोठे गेली?

हिवाळी सत्राचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. एरवी प्रवेश, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांविषयी विचारणारे वाचक या दिवसांत गुणपत्रकाची छायाप्रत पाठवतात आणि तिच्या तळाशी छापलेल्या दशांश चिन्हातील आकड्याचा अर्थ विचारतात. म्हणून या अंकात केवळ श्रेणी, श्रेयांक आणि त्यांवरून काढल्या जाणाऱ्या सरासरीविषयीचीच पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली असून लांबलेले प्रश्न आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकतो. त्याच्या मार्क मेमोवर टक्केवारी नाही आणि वर्गही लिहिलेला नाही. सात विषयांसमोर ए, बी प्लस अशी अक्षरे, त्यांच्यापुढे काही आकडे आणि तळाशी ‘एसजीपीए ७.३०’ एवढेच छापलेले आहे. मुलाने सातही विषयांचे श्रेणीबिंदू मिळवून सातने भागले, तर उत्तर ७.७१ येते. आमच्या वेळी मेमोवर ‘द्वितीय वर्ग’ असे सरळ लिहिलेले असे आणि तो कोणालाही वाचता येई. विद्यापीठाने हिशोबात चूक केली आहे काय? – एक पालक, उदगीर

उत्तर : आपल्या पाल्याचा मेमो आम्ही पडताळून पाहिला. विद्यापीठाची बेरीज बरोबर आहे आणि आपल्या पाल्याची बेरीजही बरोबर आहे. मात्र त्याने भागाकार चुकीच्या संख्येने केला आहे. ही गोष्ट समजली की मेमोवरील उर्वरित आकडे आपोआप उलगडतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५-१६ या शैक्षणिक वर्षापासून निवडीवर आधारित श्रेयांक पद्धत स्वीकारण्याचा आग्रह विद्यापीठांकडे धरला आणि तिच्यासोबत दहा बिंदूंचे एक श्रेणीमापही सुचवले. त्या मापात ओ या सर्वोच्च श्रेणीला १० बिंदू, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५ आणि जेमतेम उत्तीर्ण दर्शवणाऱ्या पी ला ४ बिंदू मिळतात. एफ म्हणजे अनुत्तीर्ण आणि गैरहजर या दोहोंना शून्य. किती गुणांना कोणती श्रेणी द्यायची, हे ठरवण्याचे काम विद्यापीठांकडे राहिले आणि त्यामुळेच मराठवाड्यातल्या एकाच घरातील दोन भावंडांच्या मेमोंवरील पट्टे, म्हणजे एका श्रेणीत धरले जाणारे किमान ते कमाल गुण, एकमेकांशी जुळत नाहीत. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि इकडची अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत ते लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ, या प्रत्येकाची नियमावली स्वतंत्र आहे. एवढेच नव्हे, तर एकाच विद्यापीठात अभ्यासक्रम बदलला की पट्टेही बदललेले आढळतात.

आता श्रेयांकाकडे येऊ. एखाद्या विषयाला संपूर्ण सत्रभर दर आठवड्याला एक तास व्याख्यान असेल, तर त्याचा एक श्रेयांक धरला जातो. प्रात्यक्षिकाच्या बाबतीत एका श्रेयांकासाठी आठवड्याला दोन तास लागतात. म्हणजे चार श्रेयांकांचा विषय हा एका श्रेयांकाच्या विषयापेक्षा चौपट वजनाचा असतो आणि सरासरी काढताना हे वजन विचारात घेतलेच पाहिजे. आपल्या पाल्याच्या मेमोवर चार-चार श्रेयांकांचे तीन विषय असून त्यांत त्याला अनुक्रमे ६, ८ आणि ७ बिंदू आहेत. तीन श्रेयांकांच्या विषयात ५, दोन-दोन श्रेयांकांच्या दोन विषयांत ९ आणि १०, तर एका श्रेयांकाच्या विषयात ९ बिंदू आहेत. प्रत्येक विषयाचे बिंदू त्याच्या श्रेयांकांनी गुणल्यास २४, ३२, २८, १५, १८, २० आणि ९ असे आकडे मिळतात. त्यांची बेरीज १४६ होते, श्रेयांकांची एकूण बेरीज २० आहे आणि १४६ ला २० ने भागले की मेमोवर छापलेले ७.३० येतात. आपल्या पाल्याने सातही विषय समान मानून सातने भागले, म्हणून लहान विषयांतील ९ आणि १० यांचा त्याच्या उत्तरावर अवाजवी प्रभाव पडला आणि सरासरी फुगली. पहिल्या वर्षाचे बरेच विद्यार्थी हलक्या विषयांत चांगली श्रेणी मिळवून निर्धास्त होतात आणि चार श्रेयांकांच्या विषयात पाचावर थांबतात. त्यांनी ही आकडेमोड परीक्षेनंतर करण्याऐवजी परीक्षेपूर्वी करून पाहिली, तर अभ्यासाचे तास कोठे खर्च करायचे हे त्यांना आपोआप कळेल.

एसजीपीए ही एका सत्राची सरासरी, तर सीजीपीए ही आजवरच्या सर्व सत्रांची. सीजीपीए काढतानाही सत्रांची साधी सरासरी चालत नाही. समजा, पुढच्या सत्रात आपल्या पाल्याचे श्रेयांक २४ असले आणि एसजीपीए ६.५० आला, तर दोन्ही मिळून ३०२ बिंदू आणि ४४ श्रेयांक होतील व सीजीपीए ६.८६ येईल, साध्या सरासरीने तो ६.९० दिसला असता. फरक किरकोळ वाटतो, पण पात्रतेची रेषा नेमकी या फरकातून गेली, तर तो किरकोळ राहत नाही.

वर्गाविषयी आपण लिहिलेले खरे आहे. साठ टक्क्यांना प्रथम वर्ग हे आपल्या पिढीला तोंडपाठ असलेले गणित होते आणि पाहुण्यांना ते सांगता येत असे. आजही पदवी पूर्ण झाल्यावर बहुतेक विद्यापीठे सीजीपीएच्या आधारे वर्ग देतात, परंतु त्याची कोष्टके वेगवेगळी असल्याने ७.३० म्हणजे कोणता वर्ग, हे आपल्या पाल्याच्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीतच पाहावे लागेल. मेमोच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले कोष्टक आधी वाचावे. पुष्कळदा उत्तर तेथेच असते.

प्रश्न : माझे आणि माझ्या मैत्रिणीचे पाच विषयांतील एकूण गुण समान आहेत, प्रत्येकी ५०० पैकी ३३०. पाचही विषयांचे श्रेयांक सारखेच, प्रत्येकी चार. तरीही तिचा एसजीपीए ७.६० आणि माझा ६.६० आहे. माझे गुण ६९, ५९, ७९, ६९ आणि ५४. तिचे ६०, ६०, ८०, ७० आणि ६०. महाविद्यालयातील लिपिकांनी ‘संगणक चुकत नाही’ एवढेच सांगितले. – एक विद्यार्थिनी, परळी वैजनाथ

उत्तर : संगणक येथे खरोखरच चुकलेला नाही, पण आपल्याला मिळालेले उत्तर अपुरे होते. हा या पद्धतीतील सर्वांत कमी समजावून सांगितला जाणारा आणि आमच्या मते तिच्यातील सर्वांत मोठा दोष आहे.

आपण पाठवलेल्या मेमोवरील कोष्टकानुसार ५० ते ५४ गुणांना ५ बिंदू, ५५ ते ५९ ला ६, ६० ते ६९ ला ७, ७० ते ७९ ला ८ आणि ८० ते ८९ ला ९ बिंदू मिळतात. श्रेणी ठरली की मूळ गुण विस्मरणात जातात. पुढचा संपूर्ण हिशोब केवळ बिंदूंवर चालतो. आपले ६९ आणि मैत्रिणीचे ६० हे दोन्ही एकाच पट्ट्यात असल्याने दोघींना सातच बिंदू मिळाले, म्हणजे आपण अधिक मिळवलेले नऊ गुण तेथेच विरले. उलट आपले ५९ आणि तिचे ६० यांत एकाच गुणाचे अंतर असताना तिला एक संपूर्ण बिंदू जास्त मिळाला. आपले पाचही आकडे पट्ट्याच्या वरच्या कडेला येऊन थांबले आहेत आणि तिचे पाचही आकडे पट्ट्याच्या खालच्या कडेवर नुकतेच चढले आहेत. त्यामुळे आपले बिंदू ७, ६, ८, ७ आणि ५ मिळून ३३ झाले, तर तिचे ७, ७, ९, ८ आणि ७ मिळून ३८ झाले. पाचने भागल्यावर ६.६० आणि ७.६० हे आकडे आले.

आपल्यासारखे इतके टोकाचे उदाहरण क्वचितच आढळते, परंतु दोन-चार दशांशांचा असा फरक जवळजवळ प्रत्येक वर्गात असतो. श्रेणीपद्धतीचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे, की दीर्घोत्तरी उत्तरपत्रिकेत ६४ आणि ६६ यांमधील अंतर हे विद्यार्थ्याच्या ज्ञानाचे नसून परीक्षकाच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचे असू शकते, म्हणून जवळपासचे गुण एका श्रेणीत बांधणेच प्रामाणिकपणाचे ठरते. हा युक्तिवाद पट्ट्याच्या मध्यभागी पटतो. पट्ट्याच्या सीमेवर मात्र तो उलटतो, कारण तेथे परीक्षकाच्या त्याच मनःस्थितीला एका गुणाऐवजी एका पूर्ण बिंदूची किंमत येते. ज्या विद्यापीठांच्या मेमोवर श्रेणीसोबत मूळ गुणही छापले जातात, त्यांचे विद्यार्थी त्या मानाने सुरक्षित आहेत. आपला मेमो असाच आहे, तेव्हा तो जपून ठेवावा. जेथे अर्जात एकूण गुण आणि एकूण कमाल गुण विचारले जातील, तेथे आपण दोघीही ६६ टक्क्यांवर समान असाल.

प्रश्न : पदवीला माझा सीजीपीए ७.५० आहे. बँकेच्या भरतीचा अर्ज भरताना टक्केवारी मागितली. नेट कॅफेतील मुलाने दहाने गुणून ७५ लिहिले, माझ्या भावाच्या मते ९.५ ने गुणायला हवे आणि अभियांत्रिकीच्या एका मित्राने तिसरेच सूत्र सांगितले. नक्की कोणते खरे? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ही सर्व सूत्रे कोठे ना कोठे खरी आहेत, प्रश्न एवढाच आहे की त्यांपैकी कोणते आपल्या विद्यापीठाचे आहे.

भावाने सांगितलेले ९.५ हे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीसाठी, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या काळात वापरलेले आहे. विद्यापीठीय पदवीशी त्याचा काहीही संबंध नसताना ते समाजमाध्यमांवरून इतके पसरले आहे की सेवा केंद्रांतही तेच वापरले जाते. त्याने आपली टक्केवारी ७१.२५ येईल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात ६.२५ बिंदूंना ५५ टक्के, ६.७५ ला ६०, ७.२५ ला ६५, ७.७५ ला ७० आणि ८.२५ ला ७५ टक्के धरलेले आहेत, म्हणजे दहाने गुणून त्यातून साडेसात वजा करायचे. त्या हिशोबाने आपले ६७.५० होतात. मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी वापरात आलेल्या सूत्रानुसार श्रेणी-सरासरीला ७.१ ने गुणून त्यात ११ मिळवायचे असतात, तेव्हा आपले ६४.२५ होतील. थोडक्यात, एकाच ७.५० चे ६४.२५ पासून ७५ पर्यंत काहीही होऊ शकते.

हे वजा-अधिक कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. परळीच्या पत्रात पाहिल्याप्रमाणे ६० ते ६९ या पट्ट्यातील प्रत्येकाला सात बिंदू मिळतात. त्या पट्ट्यातील विद्यार्थ्यांचे गुण साधारणपणे पासष्टच्या आसपास असतील, पण बिंदूंना दहाने गुणले की सगळ्यांचे ७० होतात. म्हणजे सरळ दहाने गुणणारा विद्यार्थी बहुधा आपल्या वास्तविक गुणांपेक्षा अधिक टक्केवारी सांगत असतो आणि वजाबाकीची सूत्रे हा फुगवटा उतरवण्यासाठी आलेली आहेत. खालच्या पट्ट्यांत परिस्थिती पुन्हा बदलते. ४० ते ४९ या पट्ट्यातील ४६ गुणांना चारच बिंदू असल्याने दहाने गुणल्यावर ते ४० होतात आणि विद्यार्थ्याचे नुकसान होते. सर्व विद्यार्थ्यांना सारखाच न्याय देईल असे एकच सूत्र या पद्धतीत संभवत नाही, आणि म्हणूनच कोणते सूत्र वापरायचे हा अधिकार विद्यार्थ्याकडे किंवा नेट कॅफेकडे नसून विद्यापीठाकडे असतो.

बँक भरतीपुरते सांगायचे, तर बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या जाहिरातींत स्पष्ट सूचना असते की जेथे सीजीपीए दिला जातो तेथे त्याचे टक्केवारीत रूपांतर करून तीच अर्जात लिहावी आणि मुलाखतीस बोलावल्यास रूपांतराचे निकष सांगणारे विद्यापीठाचे प्रमाणपत्र सादर करावे. त्याच सूचनांत असेही म्हटलेले असते की टक्केवारीतील अपूर्णांक सोडून दिला जाईल, म्हणजे ५९.९९ हे साठपेक्षा कमी आणि ५४.९९ हे पंचावन्नपेक्षा कमीच मानले जातील. तेव्हा आपण अर्ज भरण्यापूर्वी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र किंवा संबंधित परिपत्रक मिळवावे, त्यातील सूत्रानेच टक्केवारी काढावी आणि अर्ज आधीच गेला असल्यास, दुरुस्तीची मुदत दिलेली असेल तर तिच्या आत आकडा दुरुस्त करून घ्यावा. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर अर्जातील ७५ आणि प्रमाणपत्रातील ६७.५० समोरासमोर आले, तर चूक कोणाच्या सांगण्यावरून झाली याची चौकशी तेथे कोणी करत नाही.

या निमित्ताने विद्यापीठांनाही एक विनंती करावीशी वाटते. रूपांतराचे सूत्र प्रत्येक मेमोच्या मागे छापण्यास शाईच्या एका ओळीचा खर्च येतो. ते न छापल्याने परीक्षा विभागाच्या खिडकीवर रांग लागते आणि भोकरदन किंवा किनवटसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून मुलांना एका कागदासाठी एसटीने दिवस मोडून यावे लागते.

प्रश्न : पहिल्या सत्रात एक विषय राहिला आणि मी एटीकेटीवर पुढे गेलो. तो विषय निघाल्यावर सीजीपीए पूर्वीसारखा होईल का? की तो डाग कायम राहतो? – एक विद्यार्थी, सेलू

उत्तर : विषय राहिला म्हणजे त्याचे बिंदू शून्य होतात, पण त्याचे श्रेयांक भाजकातून जात नाहीत, म्हणून सरासरी एवढी कोसळते. उदगीरच्या पत्रातील मेमो पुन्हा डोळ्यांसमोर आणा. चार श्रेयांकांच्या ज्या विषयात सात बिंदू होते तेथे एफ आला असता, तर १४६ मधून २८ वजा होऊन ११८ उरले असते आणि एसजीपीए ५.९० झाला असता. नंतर तो विषय जेमतेम पी श्रेणीत निघाला असता, तर १६ बिंदू परत येऊन तो ६.७० झाला असता. म्हणजे सरासरी सुधारते, परंतु नव्या प्रयत्नात जी श्रेणी मिळेल तेवढीच. काही विद्यापीठे सर्व विषय निघेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, तर काही मेमोवर दुसऱ्या प्रयत्नाची खूण करतात. अंतिम सीजीपीएमध्ये मात्र साधारणपणे उत्तीर्ण झाल्यानंतरची श्रेणीच धरली जाते. ‘डाग’ हा शब्द आपण सोडून द्यावा. राहिलेला विषय पुढच्याच संधीत चांगल्या श्रेणीने काढण्याचा विचार करावा, कारण पुढील सत्रांचे विषय वाढत जातील तसा त्याला वेळ देणे कठीण होईल.

आणखी एक बारकावा असा की काही विषय श्रेयांकाविना असतात. त्यांत ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ एवढाच शेरा मिळतो आणि तो सरासरीत धरला जात नाही.

प्रश्न : माझा मावसभाऊ परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. त्याचीही सरासरी ७.६८ आहे आणि माझ्या बी.एस्सी.चीही ७.६८. आम्ही दोघे सारखेच हुशार मानायचे का? – एक विद्यार्थी, मानवत

उत्तर : हुशारीचा निवाडा हे सदर करू शकत नाही, आकड्यांचा करू शकते. कृषी विद्यापीठांत विषयातील शेकडा गुणांना दहाने भागून थेट श्रेणीबिंदू काढतात. ७६ टक्क्यांना ७.६ आणि ७९ टक्क्यांना ७.९ बिंदू मिळतात, मध्ये पट्टे नाहीत. त्यामुळे मावसभावाच्या ७.६८ मागे सरासरी ७६.८ टक्के गुण उभे आहेत, असे ठामपणे म्हणता येते. आपले ७.६८ हे पट्ट्यांतून गाळून आलेले असल्याने त्यामागचे खरे गुण सत्तरच्या आसपासही असू शकतील आणि त्याहून पुष्कळ अधिकही असू शकतील. घरात तुलना करायचीच असेल, तर दोघांचे मूळ गुण काढून करावी.

प्रश्न : मुलगी नव्या शैक्षणिक धोरणानुसार बी.ए. करते आहे. पहिल्या दोन सत्रांचे एसजीपीए ६.४० आणि ६.८० आहेत, पण श्रेयांक सर्व मिळाले आहेत. तिला चौथे वर्ष संशोधनासह करायचे आहे. श्रेयांक पूर्ण असल्याने अडचण येणार नाही ना? – एक माता, कळंब

उत्तर : अडचण येऊ शकते आणि ती आताच समजलेली बरी. श्रेयांक हे किती अभ्यासक्रम पूर्ण केला एवढेच सांगतात. पी श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही त्या विषयाचे तेवढेच श्रेयांक मिळतात जेवढे ओ श्रेणीच्या विद्यार्थ्याला मिळतात. अनुदान आयोगाच्या आराखड्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्रासाठी किमान ४०, दोन वर्षांनंतर पदविकेसाठी ८०, तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० श्रेयांक आहेत आणि ते शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात. ऑनर्सच्या साध्या मार्गाला एवढे पुरते. संशोधनासह ऑनर्स करण्यासाठी मात्र पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुणांची अट आहे आणि चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.साठी पात्र ठरण्यासही ७५ टक्के किंवा समतुल्य श्रेणी लागते; पीएच.डी.च्या अटीत आरक्षित व अन्य निर्दिष्ट प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत देता येते.

आता आकडेमोड पाहा. सर्व सत्रांचे श्रेयांक समान आहेत असे धरू. विद्यापीठ ७५ टक्के म्हणजे ७.५० असे मानत असेल, तर सहा सत्रांची बेरीज ४५ व्हायला हवी. मुलीची दोन सत्रांची बेरीज १३.२० आहे, म्हणजे उरलेल्या चार सत्रांत सरासरी ७.९५ मिळवावी लागेल. हे कष्टाचे आहे, पण आवाक्यातले आहे. विद्यापीठाचे सूत्र तंत्रशिक्षण परिषदेसारखे असेल, तर ७५ टक्क्यांसाठी ८.२५ लागतील आणि उरलेल्या सत्रांची सरासरी नऊच्याही थोडी वर जाईल, जे फार अवघड आहे. म्हणून महाविद्यालयातील परीक्षा विभागप्रमुखांना भेटून हे सूत्र कोणते, हा एकच प्रश्न आधी विचारावा. पहिल्या वर्षाचे गुण पुढे कोणी पाहत नाही, ही समजूत अजूनही मुलांमध्ये आहे. श्रेणीपद्धतीत ती अत्यंत महाग पडते.

प्रश्न : मला एम.एस.साठी परदेशी अर्ज करायचे आहेत. माझा सीजीपीए ८.२० आहे. चारच्या मापावर आणण्यासाठी २.५ ने भागून ३.२८ लिहावे का? जर्मनीतही तेच चालते का? – एक अभियंता, लातूर

उत्तर : स्वतः भागाकार करू नये. अमेरिकेत ए ला ४, बी ला ३, सी ला २ आणि डी ला १ बिंदू असतात आणि श्रेयांकांनी भारित सरासरी काढण्याची रीत आपल्यासारखीच आहे. किंबहुना आपण ती तिकडूनच घेतली. परंतु तेथे सामान्यतः नव्वदच्या पुढे ए मिळतो आणि साठच्या खाली अनुत्तीर्ण ठरतात, तर आपल्याकडे साठला प्रथम वर्ग मिळतो. दोन्हीकडच्या गुणदानाची सवयच वेगळी असल्याने एका सरळ भागाकाराने ही मापे जुळत नाहीत. बहुतेक विद्यापीठे मूळ मापावरचाच आकडा मागतात, तेव्हा ‘१० पैकी ८.२०’ असे लिहावे; रूपांतर हवेच असेल, तर ते सांगतील त्या मूल्यांकन संस्थेकडून विषयवार करून घ्यावे.

जर्मनीत माप उलटे आहे, तेथे १.० सर्वोत्तम आणि ४.० जेमतेम उत्तीर्ण. बव्हेरियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात कमाल बिंदूंतून आपले बिंदू वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण बिंदूंमधील अंतराने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. कमाल १० आणि किमान ४ धरल्यास आपला आकडा १.९० येतो, किमान ५ धरल्यास २.०८. म्हणून आपल्या गुणपत्रकावर किमान उत्तीर्ण श्रेणी स्पष्ट लिहिलेली आहे ना, हे तपासावे आणि नसल्यास विद्यापीठाकडून तसे पत्र घ्यावे.

प्रश्न : एका विषयात ६९ गुण आहेत. एका गुणाने श्रेणी हुकली. पुनर्मूल्यांकनाला अर्ज करावा का? – एक विद्यार्थी, माजलगाव

उत्तर : चार श्रेयांकांचा विषय असेल, तर जरूर करावा. त्या एका गुणाने चार बिंदू वाढतात आणि २० श्रेयांकांच्या सत्रात एसजीपीए ०.२० ने वर जातो. प्रथम उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, विषयाच्या प्राध्यापकांना ती दाखवावी आणि तपासायचे राहिलेले उत्तर किंवा बेरजेतील चूक आढळली तरच पुढचे शुल्क भरावे. अर्ज करण्यापूर्वी गुण कमी झाल्यास कोणते गुण ग्राह्य धरले जातात, हे नियमावलीत वाचावे. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते, मेमो हातात पडल्यापासून नव्हे. आणि आमच्याकडे आलेल्या पत्रांवरून दिसते की बहुतेकांची संधी याच एका गैरसमजामुळे जाते.